गवताची धावपट्टी, मे महिना आणि आमचं फ्लाय-इन: सल्ला हवा आहे

पंखवाला
नमस्कार मंडळी,
आमचा रिमोटवरच्या विमानांचा सतरा जणांचा कंपू आहे. कोणी थर्माकोल कापून बनवतं, कोणी बाल्साच्या हलक्या लाकडाचं, एक-दोघे खिशाने जड असल्यामुळे तयार किट आणतात. रविवारी पहाटे माळावर जायचं, दोन तास उडवायचं, एखादं विमान बाभळीवर चढवायचं आणि मिसळ खाऊन घरी यायचं, असा क्रम.

गेल्या जुलैत भाच्याकडे अमेरिकेला गेलो होतो. त्याने मला एका गवताच्या धावपट्टीवर नेलं. खरी, माणसं बसायची छोटी विमानं एकामागून एक गवतावर उतरत होती. उतरलं की विमान कडेला लावायचं, खुंट्या ठोकून दोरीने बांधायचं, पंखाखाली तंबू टाकायचा आणि खुर्ची काढून पुढचा कसा आदळतो ते बघत बसायचं. चक्क गुण देत होते उतरणाऱ्याला! संध्याकाळी प्रत्येकाने आणलेलं एकत्र मांडून जेवण. याला फ्लाय-इन म्हणतात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

सासवडच्या पुढे ओळखीच्या एकांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. खोल्या आहेत, आमराई आहे, आणि मागच्या बाजूला कधीकाळी पॅरामोटरवाल्यांसाठी सपाट केलेली साधारण ४५० मीटरची गवताची पट्टी आहे. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून तेव्हाच शनिवार-रविवार दोन दिवस सगळ्यांनी सहकुटुंब जमावं असं मनात आहे. एका मित्राकडे दोन सीटचं मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, आहे, तो म्हणतो मी उडत येतो आणि गवतावर उतरून दाखवतो. मग तर खरंखुरं फ्लाय-इन होईल! परवानग्या, ऊन, जेवण, कशावरही बोला.

तिरकस
सतरा विमानं डिकीतून येणार आणि माणसं गाडीतून. याला फ्लाय-इन म्हणत नाहीत हो, याला सहल म्हणतात.

सईची_आई
कल्पना आवडली, पण "सहकुटुंब" वाचून जरा थांबले. तुम्ही सतरा जण मान वर करून आकाशात बघणार. आम्ही आणि पोरं काय करणार? सावली किती, स्वच्छतागृहं किती, प्यायचं पाणी कुठून, हे आधी लिहा. मागे नवऱ्याच्या अशाच एका "मज्जा येईल गं" कार्यक्रमात मी एप्रिलच्या उन्हात तीन तास छत्री धरून उभी होते.

पंखवाला
@तिरकस, मायक्रोलाइट येतंय की! एक उडत आलं तरी फ्लाय-इनच.
@सईची_आई, आमराई पट्टीला लागून आहे. स्वच्छतागृहं चार. मुलांना फोमची हातफेकीची ग्लायडर बनवायला शिकवायचं ठरवलंय.

मावळचा_वारा
मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, बारा वर्षं झाली, म्हणून वाऱ्याबद्दल लिहितो. बाकीचं जाणकार लिहितीलच.

आमचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद. म्हणजे मे कागदावर हंगामात बसतो, पण प्रत्यक्षात मेमध्ये दिवसाचे दोन तुकडेच हाती लागतात. सकाळी उजाडल्यापासून साधारण नऊ-साडेनऊपर्यंत हवा शांत. त्यानंतर जमीन तापते आणि थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत, सुटायला लागतात. घारी पंख न हलवता गोल गोल वर जाताना दिसल्या की समजा हवेला उकळी फुटली. अनुभवी लोकांना तेच हवं असतं, पण दीड किलोचं फोमचं विमान त्यात पाचोळ्यासारखं फिरतं. मोकळ्या माळावर वावटळीही उठतात. मंडप नीट बांधला नसेल तर तुमचं पहिलं उड्डाण मंडपाचं होईल.

संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट चढून येतो. पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी अचानक गार झुळूक लागते ना, ती हीच. ती स्थिरावली की उडवायला छान, पण येताना वाऱ्याची दिशा बदलते. त्या वेळी विमान हवेत असेल तर उतरवताना पाठवारा लागतो.

खरी भीती वळवाची. दुपारी पूर्वेला ढग चढायला लागले की गाशा गुंडाळायचा. पाऊस यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं जो वारा सुटतो तो कोणाची ओळख ठेवत नाही. डोक्यावर ऊन असतं आणि वारा मात्र दूरच्या ढगातून आलेला असतो, म्हणून लोक फसतात.

सदाशिवपेठी
म्हणजे दुपारी १ ते ४ उड्डाण बंद. आम्ही हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलोय, जगाला आत्ता कळतंय.

तिरकस
हा विनोद कितव्या प्रतिसादात येतो तेच मोजत होतो. पाचव्यात आला. पेठेची कार्यक्षमता वाढली आहे.

विस्कॉन्सिनचा_विठ्ठल
वा, माझ्या गावचा विषय! ऑशकॉश माझ्या घरापासून दीड तासावर. फ्लाय-इनची पंढरीच ती. १९५३ मध्ये मिलवॉकीला छोट्या मेळाव्यापासून सुरुवात झाली, १९७० पासून ऑशकॉशला भरतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दहा हजारांच्या आसपास विमानं येतात. येताना रेडिओवर बडबड करायची नाही. खालून कंट्रोलर सांगतो, "पिवळं उंच पंखाचं विमान, पंख हलव." तुम्ही पंख डावी-उजवीकडे हलवून होकार द्यायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वारीत माउलींच्या अश्वाला वाट करून देतात ते आठवलं. गर्दी अफाट, पण प्रत्येकाला आपली जागा ठाऊक.

पण पंखवाला, एक सांगू का? इथला जुलै म्हणजे पंचवीस-अठ्ठावीस अंश, हिरवंगार गवत आणि रात्री नऊपर्यंत उजेड. लोक आठ महिने थंडीत कुडकुडून त्या हवेची वाट बघत असतात. आयडाहोत डोंगरांमधल्या काही गवताच्या पट्ट्यांवर तर उन्हाळ्यात स्प्रिंकलर लावतात, उतरण्याआधी ते चालू नाहीत ना बघावं लागतं. तुम्ही "समर फ्लाय-इन" मधला समर उचललात आणि त्याला मे म्हणालात. इथल्या समरची हवा आपल्याकडे डिसेंबरात असते.

लोहगावकर
मी आयुष्यभर विमानांच्या धंद्यात होतो, आता निवृत्त. मायक्रोलाइटबद्दल वाचून राहवलं नाही.

आधी परवानग्या. आपल्याकडे माणूस बसलेलं विमान "वाटलं म्हणून" कुठेही नेता येत नाही. फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, हवाई दलाकडून एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि उड्डाण माहिती केंद्राकडून एफआयसी नंबर घ्यावा लागतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, नागरी टर्मिनल तिथे पाहुणं आहे हे विसरू नका. आणि रिसॉर्टच्या मागची पट्टी म्हणजे परवाना असलेला विमानतळ नव्हे. मित्राने हे सगळं रीतसर केलं असेल तर आनंद आहे. पण "उतरून दाखवतो" ही भाषा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं, पट्टी ४५० मीटर म्हणता. मित्राच्या विमानाला उडायला किती लागते? पुस्तकातला आकडा द्या.

पंखवाला
विचारलं. म्हणतो, ५० फूट उंची गाठेपर्यंत ३०० मीटर. म्हणजे दीडशे मीटर शिल्लक!

लोहगावकर
तो आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश तापमानाचा, कडक डांबरी धावपट्टीचा. आता वही घ्या. ठोकताळे ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी दिलेले आहेत, माझ्या मनाचे नाहीत.

उंचीसाठी दर हजार फुटांना १० टक्के. दिवे घाट चढून गेल्यावर अडीच हजार फूट धरू. ३०० चे ३७५ झाले. तापमानासाठी दर १० अंशांना १० टक्के. त्या उंचीवर प्रमाण हवा १० अंशांची असायला हवी, तुमच्याकडे मेमध्ये ३८ असेल. म्हणजे २८ अंश जास्त, ३० टक्के वाढवा. ४८७ झाले. कोरडं गवत, २० टक्के. ५८५. आणि हे सगळं नवं विमान, कसलेला वैमानिक धरून. म्हणून सुरक्षिततेसाठी शेवटी १.३३ ने गुणा. पावणेआठशे मीटर.

तुमची पट्टी ४५०.

वेगळ्या शब्दांत सांगतो. ३८ अंशांची ती हवा इतकी विरळ असते की इंजिन आणि पंख दोघांनाही आपण जवळजवळ सहा हजार फुटांवर आहोत असं वाटतं. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. तुमचा मित्र सासवडच्या आमराईत उभा असेल, त्याचं विमान कळसूबाईच्याही वर उभं असेल.

उतरणं जमेल एखाद्या वेळेस. परत उडणं जमणार नाही. मग ट्रक बोलवा.

सईची_आई
कळसूबाईच्या वाक्यावर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. शांत बसलाय.

इंजिनबाबा_भोसरी
लोहगावकर काकांच्या हिशेबात भर. मायक्रोलाइटला रोटॅक्स ९१२ इंजिन असेल तर ते साध्या पेट्रोलवर चालतं, हीच त्याची मजा. पण कंपनीची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंत, आणि आता पंपावर सरसकट २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनी रबरी नळी फुगवतं, आणि तापलेल्या इंजिनात इंधनाची वाफ धरून पुरवठा तुटायची शक्यता वाढते. मे महिना, सासवड, ३८ अंश. अॅव्हगॅस (छोट्या विमानांचं खास पेट्रोल) २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनतं, पण ते तुमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर येत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरी बघता येतं. काचेच्या उभ्या मापात थोडं पाणी घ्या, खूण करा, वर पेट्रोल ओता, हलवा, स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालची पातळी चढते. जितकी चढली तितकं इथेनॉल. हे गॅसच्या शेगडीपासून लांब करा, मी स्वयंपाकघरात केलं होतं, त्यानंतर चार दिवस बाहेर जेवलो.

संस्कृतीरक्षक
विमानाचा विषय निघाला आणि अजून कोणी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव घेतलं नाही? १८९५, चौपाटी...

तिरकस
घेतलंत. आता धागा शंभरी गाठणार.

संस्कृतीरक्षक
तुम्हाला इतिहासाची लाज वाटते.

व्यवस्थापक
त्या विषयावर आधीच तीन धागे आहेत. तिथे जा, इथे गवताबद्दल बोला.

जुना_पुणेकर
इतिहासच हवा असेल तर पुण्याचा, पक्का, आणि गवताशी संबंध असलेला देतो. टाटांची टपाल विमानसेवा १५ ऑक्टोबर १९३२ ला सुरू झाली, जेआरडींनी स्वतः कराचीहून मुंबईला जुहूवर विमान आणलं. जुहू म्हणजे तेव्हा चिखलाचं मैदान. पावसाळ्यात तिथे विमान उतरवायची सोय नाही. मग काय केलं? विमानं आणि माणसं उचलून पुण्याला आणली, आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मोकळ्या मैदानावरून सेवा चालवली. देशातली ती विमानसेवा पावसाचे महिने आपल्या येरवड्याच्या माळावरून उडत होती! पंखवाला, जेआरडींनी हंगामाशी भांडण केलं नाही. जागा बदलली.

दुसरी गोष्ट. मायक्रोलाइटवाचून अडून बसू नका. कुटुंबांना खरं विमान गवतावरून उडताना दाखवायचं असेल तर हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आहे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. इंजिन नाही, विंचच्या तारेने खेचून वर सोडतात. मी १९७९ मध्ये बसलो होतो. तार सुटल्यावर जी शांतता होते तीत फक्त पंखावरून वारा वाहिल्याचा आवाज. खाली फुरसुंगीची शेतं. मी शेजारच्या वैमानिकाला काहीतरी विचारणार होतो, ते विसरलो आणि आजतागायत आठवलेलं नाही. तिकडे चौकशी करून आदल्या दिवशी सगळ्यांना घेऊन जा.

बाल्सा_बंडू
पंखवालांच्याच कंपूतला. मी त्यांना व्हॉट्सअॅपवर बोललोय, इथेही लिहितो.

बॅटऱ्यांचं काय? गेल्या एप्रिलमध्ये लग्नाला गेलो, लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्यांची पिशवी गाडीत राहिली, गाडी मंगल कार्यालयासमोर उन्हात. मुहूर्त, जेवण, फोटो करून तीन तासांनी आलो तर सहाच्या सहा बॅटऱ्या पुरीसारख्या टम्म. त्या पूर्ण भरलेल्या होत्या ही माझी चूक. भरलेली लायपो आणि बंद गाडीतलं ऊन यांचं जमत नाही. प्रवासात सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायच्या, तिथे पोचून सावलीत भरायच्या. सतरा जणांचे चार्जर एका खोलीतल्या एका सॉकेटला लावू नका, रिसॉर्टवाल्याची वायर जळेल. जनरेटर किंवा वेगळी लाइन मागा.

मॉडेलच्या नियमांचं सोपं आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेलचाही विचार केलाय, २५ किलोपर्यंत, करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या दाखवलेल्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट. डिजिटल स्कायचा नकाशा आदल्या दिवशी पुन्हा उघडून बघा, रंग बदलतात.

पंखवाला
मंडळी, एवढं गार पाणी एका धाग्यावर कधी पडलं नव्हतं. पण मेचा मुद्दा सोडवत नाही. डिसेंबरात पोरांच्या परीक्षा, जानेवारीत स्नेहसंमेलनं. सुट्टी फक्त मेमध्ये. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७ उडवलं, मधे आमरस-पुरी आणि झोप, तर काय बिघडलं?

सईची_आई
आमरस-पुरी खाऊन पाच वाजता कोण उठणार? पन्हं, मठ्ठा, पिठलं-भाकरी ठेवा. आणि दोन दिवस कशाला? एक सकाळ पुरे. मला वाटतं तुम्हाला अमेरिकेसारखा तंबू टाकायचाय, म्हणून रात्र हवी आहे.

पंखवाला
हो. तंबू टाकायचाय.

माळावरचा_शेतकरी
बरेच दिवस वाचतो, लिहीत नाही. पण सासवडच्या पुढचा आहे म्हणून लिहितो. ती पट्टी मला माहीत आहे, माझी जमीन तिच्या पलीकडे आहे.

तुम्ही सगळे वारा आणि इंजिनाबद्दल बोलता, जमिनीबद्दल कोणीच बोललं नाही. ती पट्टी अर्धी मुरमाड आणि अर्धी काळी. मेमध्ये तिथे गवत नसतं हो. फेब्रुवारीपासून वाळतं, उरतात ती कुसळं. पायमोज्यात घुसली की घरी जाऊन तासभर काढत बसाल. आणि काळ्या जमिनीला भेगा पडतात. बोट जाईल अशा नाही, पंजा जाईल अशा. तुमच्या खेळण्यातल्या विमानाचं चाक त्यात गेलं की पाय मोडलाच. जूनमध्ये पाऊस पडला की भेगा बुजतात, पण मग चिखल. गुडघाभर गवत आणि आत काय आहे ते दिसत नाही, साप धरून.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आमच्या तालुक्यात नव्या विमानतळासाठी सात गावांच्या जमिनींचा प्रश्न पेटलेला आहे. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला आले तेव्हा गावकरी आणि पोलीस यांच्यात जुंपली होती. आता तुम्ही मे महिन्यातच सतरा माणसं हातात रिमोट घेऊन आलात, आकाशात काहीतरी घिरट्या घालतंय, तर लोक काय समजतील? तुम्हाला कोणी मारणार नाही, पण विचारायला शंभर माणसं येतील. आणि त्यांचं चुकणार नाही. येण्याआधी ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कळवा. सरपंचाला नुसतं पत्र देऊ नका, भेटून बोला, एखादं विमान दाखवा. गावातल्या पोरांनाही बोलवा.

मावळचा_वारा
+१. आम्ही कामशेतला हे चुका करून शिकलो. कोणाच्या तरी उभ्या पिकात उतरायचो आणि वर हसायचो. नंतर गावानेच अक्कल शिकवली.

तिरकस
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा या धाग्यावर गवताबद्दल कोणीतरी बोललं.

पंखवाला
काल बंडू आणि मी जाऊन आलो. कळवतो.

पट्टी ४५० नाही, टेपने मोजली तर ४१० मीटर भरली. मालकाने विहिरीपर्यंत मोजली होती. पूर्वेच्या टोकाला आडवी विजेची तार आहे, ती मला मागच्या वेळी दिसलीच नव्हती. शेतकरीदादांनी सांगितलं ते तंतोतंत खरं. एका भेगेत माझा मोबाइल उभा राहिला, फोटो काढलाय. अकरा वाजता वावटळ आली आणि बंडूची टोपी शेजारच्या शेतात गेली. परत येताना पायमोजे टाकूनच दिले.

मायक्रोलाइटवाल्या मित्राला लोहगावकरांचा हिशेब पाठवला. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं: "गाडीने येतो."

म्हणून मे रद्द. दिवाळीची सुट्टी संपायच्या आतला शनिवार-रविवार धरतोय. तेव्हा जमीन घट्ट झालेली असेल, गवत अजून हिरवं असेल, आणि पोरांना सुट्टीही आहे. फक्त गवत गुडघ्याएवढं असेल, ते कापायचं कसं हा प्रश्न. यंत्राचं भाडं विचारलं, ऐकून गप्प बसलो. तंबू टाकणार म्हणजे टाकणार.

विस्कॉन्सिनचा_विठ्ठल
दिवाळीत भारतात आहे! गुण द्यायला परीक्षक म्हणून मला घ्या. उतरताना तीन उड्या मारल्या तर तीन वेळा उतरलं असं धरायचं आणि तिन्हींचे गुण वेगळे, असा इथला नियम आहे. (नियम मी आत्ताच केला.)

लोहगावकर
तार दिसेल अशा जागी कापडाची लाल चिंधी लावून घ्या. आणि वाऱ्याची दिशा कळायला पिशवी बांधा, जुनी ओढणी चालेल. मी येतो. गाडीने.

सईची_आई
दिवाळीत? म्हणजे फराळ आयता. प्रत्येक घरातून एक डबा, पण सगळ्यांनी चकल्या आणू नका. यादी मी करते.

माळावरचा_शेतकरी
यंत्राचं भाडं देऊ नका. दसऱ्यानंतर आम्ही गवत कापतोच. पट्टीचं मी कापून देतो, पैसे नकोत, चारा माझा. पट्टी किती रुंद हवी ते सांगा, कडेचं उभं ठेवतो.

पंखवाला
दादा, वीस मीटर रुंद पुरे. तुमच्या घरचे सगळे जेवायला आमच्याकडे.

माळावरचा_शेतकरी
येतो. त्याआधी एखाद्या रविवारी तुमचं सगळ्यात आवाजाचं विमान घेऊन एकदा येऊन जा. गोठा पट्टीच्या कडेलाच आहे. म्हशींना सवय झालेली बरी, नाहीतर ऐन दिवाळीत पान्हा चोरतील.